घरच्या खोलीत गाणे आणि गिटार मुद्रित करण्यासाठी परवडणारा मायक्रोफोन कोणता?

रानजाई:

नमस्कार. मी डोंबिवलीत राहते. गेल्या सहा-सात वर्षांत मी स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाल लावलेली दहा गाणी आहेत. ती एकदा नीट ध्वनिमुद्रित करावीत, असे फार दिवसांपासून मनात आहे. आजवर ती फोनवरच मुद्रित केली, पण फोन आवाजाची पातळी आपल्या मर्जीने वर-खाली करत राहतो. त्यामुळे जिथे मी मुद्दाम हळू गाते तिथे तो आवाज ओढून वर आणतो, आणि त्याबरोबर खोलीतला सगळा गोंगाटही वर येतो. गिटारचे वरचे स्वर तर पत्र्यावर टिचकी मारल्यासारखे ऐकू येतात.

माझा आवाज मृदू आहे आणि बहुतेक गाणी मंद्र-मध्य सप्तकातली आहेत. गिटार पोलादी तारांची, ध्वनिक आहे. मी ती प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी चकती) न वापरता बोटांनी वाजवते. खोली १० फूट × ११ फूट आहे. एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी, आणि बाकीच्या दोन भिंती मोकळ्या. रेल्वेमार्ग फार लांब नाही.

मायक्रोफोन, इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारी पेटी), स्टँड आणि केबल यांसाठी मिळून २५ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. वाचून आणि विचारून माझ्यापुढे चार पर्याय उरले आहेत: ऑडिओ-टेक्निका एटी २०२०, शुअर एसएम ५७, थोडी ओढाताण करून रोड एनटी १, किंवा बेरिंगरच्या सी-२ या लहान मायक्रोफोनची जोडी. शिवाय यूएसबी मायक्रोफोन घेतला तर इंटरफेसचा खर्च वाचेल, असेही एका परिचितांनी सुचवले. आवाज आणि गिटार या दोहोंसाठी एकच मायक्रोफोन पुरेल का, आणि माझ्यासारख्या खोलीत यांपैकी कोणता जास्त उपयोगी पडेल, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

खर्जषड्ज:

मी पुण्यात कोथरूडला राहतो आणि तुमच्याइतक्याच आकाराच्या खोलीत नऊ वर्षांपासून मुद्रण करत आलो आहे. तुमच्या चार पर्यायांपैकी दोन, म्हणजे एटी २०२० आणि एसएम ५७, माझ्याकडे आहेत, त्यामुळे त्या दोघांविषयी खात्रीने लिहू शकतो.

आधी यूएसबीचा मुद्दा. यूएसबी मायक्रोफोन वाईट नसतो, पण पुढे दुसरा मायक्रोफोन जोडावासा वाटला की अडचण होते, कारण एकाच संगणकावर दोन स्वतंत्र यूएसबी मायक्रोफोन एकत्र चालवणे कटकटीचे असते आणि प्रत्येकाचे आतले, मुद्रणाचा वेग ठरवणारे घड्याळ वेगळे असल्यामुळे लांब मुद्रणात दोन्ही आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकू लागतात. तुम्ही गाता आणि वाजवताही, म्हणजे आज ना उद्या दुसरा मायक्रोफोन लागणारच. म्हणून इंटरफेस घ्या, आणि तो घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. स्वस्त इंटरफेसवर पुढच्या बाजूला दोन छिद्रे दिसतात म्हणून लोक तो दोन मायक्रोफोनचा समजून घेतात. पण फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा बेरिंगर यूएम २ यांच्यात मायक्रोफोनची जोडणी एकच असते आणि दुसरे छिद्र विद्युत गिटारसारख्या वाद्यासाठी असते. स्कार्लेट २आय२ किंवा बेरिंगर यूएमसी २०२ एचडी यांच्यात मात्र दोन मायक्रोफोन एकाच वेळी लागतात. तुमच्या खर्चाच्या मर्यादेत दुसऱ्या प्रकारचा इंटरफेस बसतो, तेव्हा मायक्रोफोनवर थोडे कमी खर्च झाले तरी चालेल, पण इथे तडजोड करू नका.

आता मायक्रोफोन. एटी २०२० हा कंडेन्सर, म्हणजे विद्युतभारावर चालणारा संवेदनशील मायक्रोफोन आहे आणि त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज लागते, जी आजकालच्या बहुतेक इंटरफेसमध्ये असते. एसएम ५७ हा डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा आहे, त्याला वीज लागत नाही. मी एकदा एकाच बैठकीत, एकाच गिटारवर, बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची आडवी धातूची पट्टी) वीतभर अंतरावर हे दोन्ही मायक्रोफोन शेजारी-शेजारी लावून एकच कडवे मुद्रित केले. एसएम ५७ मधून आलेली गिटार सुबक होती, तिचे मधले स्वर ठसठशीत होते, परंतु तार सोडताना बोटाच्या पेराचा जो बारीक स्पर्श ऐकू येतो तो जवळजवळ नाहीसा झाला होता. एटी २०२० मध्ये तो स्पर्श होता, तारेच्या शेवटच्या झंकाराचे विरत जाणेही होते. पण त्याच्याबरोबर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती आणि शेजारच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टीही होती. बोटांनी वाजवलेली गिटार आणि मृदू आवाज यांच्यासाठी मी निःशंकपणे एटी २०२० सुचवेन. मात्र त्यासाठी खोलीवर मेहनत करावी लागेल.

ती मेहनत म्हणजे भिंतीवर फोमचे चौकोन चिकटवणे नव्हे. इंचभर जाडीचा फोम फक्त वरचे स्वर शोषतो आणि खालचा घुमारा तसाच ठेवतो, त्यामुळे आवाज कोंदट होतो. त्यापेक्षा कपाटाची दारे उघडून कपडे मोकळे ठेवा, कपाटाकडे पाठ करून बसा, मागे दोन जाड गोधड्या टांगा आणि मायक्रोफोनच्या पाठीमागेही एखादी गोधडी दोरीवर सोडा. जुन्या लुगड्यांची चार-पाच पदरी गोधडी ही घरात सहज मिळणारी उत्तम गोष्ट आहे. ती भिंतीला चिकटून न लावता चार-सहा इंच पुढे टांगली तर जास्त काम करते.

समुद्रवारा:

खर्जषड्ज यांच्या मताचा आदर आहे, पण मी रत्नागिरीहून वेगळा अनुभव सांगतो, कारण तुम्हीही डोंबिवलीच्या दमट हवेत राहता.

कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागची पट्टी यांच्यामध्ये विद्युतभार धरून ठेवलेला असतो. हवेतला ओलावा त्या जागी बसला की तो भार गळू लागतो आणि मुद्रणात तडतड, फुसफुस असे आवाज येतात. माझ्या पहिल्या कंडेन्सरचे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात असेच झाले. तेल तापत असताना मोहरी तडतडावी तसा आवाज गाण्याच्या मधोमध येत होता, आणि मी आधी केबल बदलली, मग इंटरफेस बदलून बघितला, तेव्हा कुठे दोष लक्षात आला. मायक्रोफोन दोन दिवस सिलिका जेलच्या पाकिटांसह झाकणाच्या डब्यात ठेवल्यावर तो पूर्ववत झाला, पण त्या दोन दिवसांत ज्यांच्याबरोबर मुद्रण ठरले होते ते परत गेले होते.

एसएम ५७ हा १९६५ पासून आणि त्याचे भावंड एसएम ५८ हे १९६६ पासून बाजारात आहे. सभागृहात, मांडवात, पावसाळी हवेत हे मायक्रोफोन वर्षानुवर्षे चालतात. दोघांची आतली रचना जवळपास सारखी आहे, मुख्य फरक जाळीचा. ५८ ची गोल जाळी गाण्यासाठी सोयीची असते, ५७ ची चपट्या तोंडाची जाळी वाद्याच्या जवळ नेता येते. तुमच्या खोलीत रस्ता आणि रेल्वे दोन्ही आहेत. डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ ठेवून गायला लागतो, आणि जवळ ठेवल्यामुळेच खोली मागे पडते. मी अजूनही असे म्हणेन की ज्यांची खोली शांत नाही त्यांनी पहिला मायक्रोफोन डायनॅमिक घ्यावा.

एक सावधगिरीची सूचना. या दोन मायक्रोफोनच्या नकला बाजारात सर्रास मिळतात. मी एकदा निम्म्या किमतीच्या मोहात पडून अशीच एक नक्कल एका विक्रेत्याकडून आणली होती. डबी, पिशवी, कागदपत्र सगळे हुबेहूब होते, आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा. अस्सल एसएम ५८ चे वजन २९८ ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावरही हे तपासता येते, आणि नक्कल बहुधा हलकी भरते. अधिकृत विक्रेत्याचे बिल आणि हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तारेवरची दंवथेंब:

वरच्या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. फक्त दोन-तीन आकडे समोर ठेवले तर निर्णय सोपा होईल, असे वाटते.

पहिला आकडा संवेदनशीलतेचा. एका पास्कल दाबाला, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या आवाजाला, एटी २०२० साधारण १४ मिलिव्होल्ट देतो आणि एसएम ५७ साधारण १.६ मिलिव्होल्ट. हा फरक १९ डेसिबलचा आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, एकाच आवाजासाठी एसएम ५७ ला इंटरफेसवर १९ डेसिबल जास्त गेन, म्हणजे आवाजाची वाढ, द्यावा लागतो. जोरकस आवाजात गाणाऱ्याला किंवा विद्युत गिटारच्या ॲम्प्लिफायरसमोर मायक्रोफोन ठेवणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण रानजाई यांचा आवाज मृदू आहे आणि गिटार बोटांनी वाजते. तिथे स्वस्त इंटरफेसचा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागेल आणि तिथे इंटरफेसचाच सूं असा आवाज ऐकू येऊ लागेल. समुद्रवारा यांचा सल्ला गोंगाटाच्या खोलीसाठी योग्य आहे, पण या विशिष्ट गायिकेसाठी आणि या विशिष्ट वाजवण्यासाठी मला तो पटत नाही.

दुसरा आकडा मायक्रोफोनच्या स्वतःच्या गुणगुणीचा. एटी २०२० मध्ये ही २० डेसिबल आहे, त्याच कंपनीच्या एटी २०३५ मध्ये १२, आणि रोडच्या एनटी १-ए मध्ये ५. कागदावर हा फरक प्रचंड दिसतो आणि म्हणूनच लोक ओढाताण करून एनटी १ घेतात. परंतु शहरातल्या खोलीत रात्रीच्या शांततेतही ३० डेसिबलच्या आसपास पार्श्वभूमीचा आवाज असतोच. ३० डेसिबलच्या खोलीत २० डेसिबलचा मायक्रोफोन ठेवला तर बेरीज होते ३०.४; ५ डेसिबलचा ठेवला तर ३० च्या अगदी किंचित वर. म्हणजे दुपटीहून जास्त पैसे मोजून आपण अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी शांतता विकत घेतो. ज्यांची खोली खरोखर शांत आहे त्यांना एनटी १ चे चीज करता येईल. डोंबिवलीत रेल्वेमार्गाजवळ ते पैसे खिडकीच्या जाड पडद्यांवर आणि चांगल्या स्टँडवर खर्च करावेत. एटी २०३५ चा विचार मात्र जरूर करावा, कारण त्याच्यात ८० हर्ट्झखालचे स्वर कापणारी कळ आहे आणि आगगाडीची घरघर बरीचशी त्या खाली असते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर असते, त्यामुळे ती कळ दाबल्याने गिटारचे फारसे नुकसान होत नाही. हे काम नंतर संगणकावरही करता येते, म्हणून केवळ तेवढ्यासाठी जास्त पैसे देण्याची सक्ती नाही.

सी-२ च्या जोडीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात सांगतो. लहान पडद्याचे मायक्रोफोन गिटारवर सुरेख लागतात, तारेचा पहिला आघात स्वच्छ पकडतात. आवाजासाठी मात्र ते तितके सुखावह नाहीत. श्वासाचा झोत त्यांना लवकर बोचतो. एकच मायक्रोफोन घ्यायचा असेल तर मोठ्या पडद्याचा, टोकासमोर नव्हे तर बाजूसमोर तोंड धरून गायचा असा घ्यावा.

तिसरी गोष्ट तुमच्या खोलीच्या मापाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १० फूट अंतरावरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११२ हर्ट्झचा स्वर फुगतो. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर ती ११० हर्ट्झवर वाजते. म्हणजे तुमच्या खोलीत ती तार बाकीच्या तारांपेक्षा जाड आणि लांबलेली ऐकू येणार, आणि तो दोष तुम्हाला गिटारचा किंवा मायक्रोफोनचा वाटणार. हा फुगारा भिंतीजवळ आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वाधिक असतो, आणि भिंतीपासून अडीच फुटांच्या आसपास सर्वांत कमी. कोणताही मायक्रोफोन घेण्याआधी हे करून बघा: पाचवी तार एकसारखी छेडत खोलीच्या त्या दिशेने एक-एक पाऊल सरकत जा, आणि जिथे ती इतर तारांच्या बरोबरीने वाजेल तिथे खुर्ची ठेवा. गोधडी या घुमाऱ्याला काही करू शकत नाही. जागा बदलणे हाच त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे.

रानजाई:

तिघांचेही मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

पाचव्या तारेचा प्रयोग मी आज संध्याकाळीच करून बघितला. मी आजवर पलंगाच्या कडेला, म्हणजे खोलीच्या जवळजवळ मध्यावर बसून वाजवत होते, आणि तिथे ती तार खरोखरच ढोलासारखी घुमते. कपाटाच्या बाजूला खुर्ची सरकवत नेली तेव्हा भिंतीपासून हातभर पुढे एका जागी ती एकदम शहाण्यासारखी वाजू लागली. तीन वर्षे मी त्या तारेसाठी वेगवेगळ्या जाडीच्या तारा आणून बदलत होते.

आता एक प्रश्न उरतो. तुम्ही सगळ्यांनी गिटार आणि आवाज वेगवेगळे मुद्रित करायचे गृहीत धरले आहे. माझी अडचण अशी की मी वाजवता-वाजवताच गाते. कडव्याच्या शेवटी मी लय किंचित ओढते आणि गिटारही माझ्याबरोबर थांबते. आधी गिटार वाजवून मग त्यावर गायला बसले की ते गाणे माझे राहत नाही. मग दोन्ही एकदम मुद्रित करायचे असेल तर एक मायक्रोफोन पुरेल का, की दोन हवेत?

खर्जषड्ज:

तुमची अडचण योग्य आहे, आणि माझ्या मते अशा गाण्यात लयीचा तो श्वास वाचवणे हे स्वच्छतेपेक्षा महत्त्वाचे आहे. दोन मार्ग आहेत.

एक मायक्रोफोन वापरायचा असेल तर तो छातीच्या उंचीवर, दीड-दोन फूट अंतरावर ठेवा आणि तोल मायक्रोफोन वर-खाली करून साधा. आवाज मागे पडत असेल तर चार बोटे वर, गिटार मागे पडत असेल तर चार बोटे खाली. यात नंतर काही सुधारता येत नाही, गिटार वाढवली तर आवाजही वाढतो; पण तोल एकदा जमला की गाणे समोर बसून ऐकल्यासारखे वाटते. या मार्गात खोली मात्र जास्त ऐकू येते, कारण अंतर दुप्पट केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि खोलीचा आवाज तसाच राहतो. गोधड्यांची खरी गरज इथे आहे.

दोन मायक्रोफोन वापरायचे असतील तर त्यांच्या पाठीचा उपयोग करा. एटी २०२० किंवा एसएम ५७ यांच्यासारखे कार्डिऑइड मायक्रोफोन समोरून सर्वांत जास्त आणि बरोबर मागून सर्वांत कमी ऐकतात. म्हणून आवाजाचा मायक्रोफोन हनुवटीच्या उंचीवर, थोडा वर तोंड करून ठेवा, म्हणजे त्याची पाठ गिटारकडे येईल. आणि गिटारचा मायक्रोफोन बाराव्या फ्रेटच्या समोर, वीतभर अंतरावर, किंचित वरून खाली तोंड करून ठेवा, म्हणजे त्याची पाठ तुमच्या तोंडाकडे येईल. गिटारच्या भोकासमोर मायक्रोफोन कधीही धरू नका. तिथून हवेचा जो घुमारा बाहेर येतो तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि सगळ्या गाण्यावर पांघरूण घालतो. दोन्ही मायक्रोफोन लावून झाले की एका आवाजाची ध्रुवता संगणकावर उलटी करून (म्हणजे त्याच्या लहरीचे चढ आणि उतार अदलाबदल करून) ऐका. ज्या स्थितीत गिटार भरीव वाटते ती ठेवा.

मराठीत गाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मायक्रोफोनविषयीचे बहुतेक सल्ले इंग्रजी गाण्यांवर आधारलेले असतात आणि ते फक्त प आणि ब यांच्या झोताची काळजी करायला सांगतात. आपल्याकडे ख, घ, थ, ध, फ, भ अशी महाप्राण व्यंजनांची रांग आहे आणि त्यातली पुष्कळशी शब्दाच्या सुरुवातीलाच येतात. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरून आधी ‘बरा’ म्हणा आणि मग ‘भरा’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला जो वाऱ्याचा फटका लागतो तोच पडद्याला लागतो आणि मुद्रणात ‘धप्’ असा ऐकू येतो. पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी, मायक्रोफोनला चिकटवून लावण्यापेक्षा त्याच्यापुढे चार-सहा बोटांवर लावा, आणि तोंड मायक्रोफोनच्या बरोबर समोर न ठेवता थोडे बाजूला ठेवा. च आणि स यांची शीळ जास्त येत असेल तर मायक्रोफोन अंगठाभर खाली वळवा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

समुद्रवारा:

दोन मायक्रोफोनचे ठरत असेल तर मी माझा हट्ट निम्मा सोडतो. गिटारसाठी एटी २०२० आणि आवाजासाठी डायनॅमिक, अशी जोडी मी स्वतः वापरतो. तोंडाजवळचा डायनॅमिक गिटार फारशी ऐकत नाही, त्यामुळे दोन्ही आवाज बऱ्यापैकी वेगळे राहतात. शिवाय डायनॅमिकजवळ येऊन गायले की खालचे स्वर भरतात, आणि मंद्र सप्तकात गाणाऱ्या मृदू आवाजाला ती ऊब शोभते. गेनचा मुद्दा खरा आहे, पण ओठांपासून चार बोटांवर गायल्यास तो बराच सुटतो. कंडेन्सर मात्र काम झाल्यावर रोज डब्यात ठेवा. स्टँडवर उघडा सोडू नका. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते बदला किंवा मंद आचेवर कोरडे करून घ्या.

तारेवरची दंवथेंब:

समुद्रवारा यांनी सुचवलेली जोडी चांगली आहे, परंतु दोन्ही एकदम घेण्याची घाई नको. आधी दोन मायक्रोफोनचा इंटरफेस, एक एटी २०२०, पाय न डगमगणारा स्टँड आणि केबल एवढेच घ्या. छातीच्या उंचीवर एक मायक्रोफोन ठेवून दहापैकी दोन-तीन गाणी करा. त्यातून काय कमी पडते ते तुमच्या कानांना कळेल आणि दुसरा मायक्रोफोन त्यानुसार निवडता येईल. मुद्रण २४ बिटवर ठेवा आणि सर्वांत मोठा स्वर पातळीदर्शकावर उणे १२ डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास राहील एवढाच गेन द्या. लाल दिव्यापर्यंत नेण्याची सवय लोकांना जुन्या टेपमुळे लागली आहे, २४ बिटच्या मुद्रणात तिची गरज नाही.

रानजाई:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

दंवथेंब यांच्या सांगण्याप्रमाणे एटी २०२० आणि दोन मायक्रोफोनचा इंटरफेस घेतला. अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतला आणि बिल जपून ठेवले आहे. एसएम ५७ माझ्या एका सहकाऱ्यांनी आठवडाभर वापरायला दिला, त्यामुळे सगळे प्रयोग करून बघता आले.

पहिल्या रात्री जे मुद्रित झाले ते ऐकून मी फार निराश झाले होते. गाण्यात दर दोन-तीन मात्रांनी एक बारीक किणकिण येत होती आणि ती तारांची नव्हती. कान देऊन ऐकल्यावर कळले की त्या माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या होत्या. फोनने त्या इतक्या वर्षांत कधी ऐकल्याच नव्हत्या. बांगड्या काढल्या, पंखा बंद केला, घड्याळ दुसऱ्या खोलीत नेले आणि आजीने शिवलेल्या दोन गोधड्या कपाटाच्या उघड्या दारांवर टाकल्या. रात्री एकनंतर लोकल विरळ होतात, तेव्हा बसले. त्या रात्री मुद्रित केलेल्या दुसऱ्या गाण्यात कडव्याच्या शेवटी मी थांबते आणि चौथी तार एकटी वाजत राहते. ती विरून जाईपर्यंत ऐकू येते. हे मी गाताना रोज ऐकत आले आहे, पण मुद्रणात प्रथमच ऐकले.

दोन मायक्रोफोनची पद्धतही केली. एसएम ५७ तोंडाजवळ ठेवल्यावर आवाज नक्कीच भरीव झाला, समुद्रवारा यांचे म्हणणे खरे आहे. पण गिटारकडे बघताना माझी मान खाली जाते आणि त्या प्रत्येक वेळी आवाज मायक्रोफोनच्या टप्प्यातून निसटतो, म्हणून वेगवान दोन गाण्यांसाठी मी ती पद्धत ठेवली आणि बाकीच्या संथ गाण्यांसाठी एकच एटी २०२० छातीच्या उंचीवर ठेवला. आतापर्यंत चार गाणी झाली आहेत. त्यातले पहिले इथे ऐकण्यासाठी जोडते आहे. दोष असतील तर मोकळेपणाने सांगावेत.

खर्जषड्ज:

हेडफोनवर दोनदा ऐकले. गिटार आणि आवाज यांचा तोल उत्तम आहे आणि पाचवी तार कुठेही घुमत नाही. शेवटचा थांबा तर जसाच्या तसा राहू द्या, त्यावर कोणताही कृत्रिम घुमारा चढवू नका.

दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या शब्दावर ‘भ’चा झोत पडद्याला लागतो आहे, आणि तिसऱ्या कडव्यात तोच शब्द आला की पुन्हा लागतो. फिल्टर आणखी दोन बोटे पुढे घ्या आणि मायक्रोफोन किंचित डावीकडे सरकवून फक्त ती दोन कडवी पुन्हा मुद्रित करून बघा. खुर्ची आणि स्टँड यांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आधी आखून ठेवा, म्हणजे नवा तुकडा जुन्याला बेमालूम जुळेल.